शिकवायला शिकताना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या ट्रस्टच्या वाटचालीस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. त्यांनी मला सुचविलेला विषय 'व्यापार आणि समाज' हा होता. परंतु व्यापारावर बोलण्याचा अधिकार असलेली, माझ्याहून जाणती मंडळी याच सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसलेली आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो मोठ्या मनाने बदलून दिला. मी आज शिक्षकाविषयी बोलणार आहे. तेही अजून शिक्षक न झालेल्या, शिकवायला शिकत असलेल्या शिक्षकाविषयी.

मी बी.कॉम. झालेला कापड व्यापारी आहे. अध्यापनशास्त्र हा माझा विषय नव्हे. मात्र माझ्या धाकट्या बंधूंची कन्या डी.एल.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, ज्याला आपण अजूनही जुन्या सवयीने डी.एड. म्हणतो, तो करीत होती, तेव्हा तिची आंतरवासिता आपल्या करमाड परिसरातील जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत झाली. शाळा सुटली की ती दुकानावर येई, गादीच्या कडेला बसे आणि दिवसभरात काय घडले ते मला सांगे. रोज लिहावी लागणारी दैनंदिनीही तिने मला वाचावयास दिली. आज मी जे सांगणार आहे, त्यातील बराचसा भाग त्या दैनंदिनीतला असून तिच्या अनुमतीनेच तो आपणापुढे ठेवीत आहे.

तिने हा अभ्यासक्रम निवडला तेव्हा आमच्या घरात काय चर्चा झाली असेल, याची आपणास कल्पना येईल. "एवढे गुण मिळवून शेवटी मास्तरीण?" हा प्रश्न एकाने नव्हे, चौघांनी विचारला. तो प्रश्न विचारणाऱ्यांत शिक्षकांबद्दल अनादर असलेले कोणी नव्हते. शिकविणे हे काम असे काही शिकावे लागते, हेच आपल्या ध्यानीमनी नसते. ज्याला लिहिता-वाचता येते त्याला दुसरीच्या मुलांना शिकविता येईलच, अशी आपली सर्वांची समजूत असते.

कापडाच्या दुकानात नवीन मुलगा कामाला लागला, तर पहिले काही महिने आपण त्याला थानाच्या घड्या घालावयास लावतो. कात्री त्याच्या हाती लगेच देत नाही. आणि दिलीच, तरी मोजणीच्या वेळी कोणीतरी जुना माणूस त्याच्या शेजारी उभा असतो. कापड चुकीचे कापले गेले तर त्याचा कटपीस होतो, भाव पाडून तो विकता येतो. दुसरीतल्या मुलाच्या वाया गेलेल्या वर्षाचे असे काही करता येत नाही.

शिक्षकाच्या हाती कात्री देण्याची रीत काय आहे, ते मला या मुलीमुळे समजले. प्रथम पाठाचे टाचण काढावयाचे. मग सूक्ष्म अध्यापन. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली आणि पुढे आपल्याकडील अध्यापक विद्यालयांतही रूढ झाली. संपूर्ण पाठ न घेता पाच-सात मिनिटांत एकाच कौशल्याचा सराव करावयाचा: आज केवळ प्रश्न विचारणे, उद्या केवळ फलकलेखन, परवा चेतक बदल, म्हणजे आवाज, हालचाल, हावभाव यांत फरक करून मुलांचे लक्ष टिकविणे. समोर विद्यार्थी म्हणून कोण बसते? तिच्याच वर्गमैत्रिणी. त्या शहाण्यासारखी उत्तरे देतात, कारण थोड्या वेळाने त्यांचीही पाळी यावयाची असते. त्यानंतर सराव पाठ, आणि मग प्रत्यक्ष शाळेत राहून करावयाची आंतरवासिता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांची आंतरवासिता घातली. वीस आठवडे हा काळ ऐकावयास मोठा वाटतो. आपल्या दुकानात वीस आठवड्यांत माणूस किती तयार होतो, ते आपण जाणताच.

आता तिच्या पहिल्या आठवड्यातील एक प्रसंग सांगतो. इयत्ता दुसरी, विषय गणित, घटक वजाबाकी. टाचण उत्तम झाले होते, रंगीत तक्ते तयार होते. फळ्यावर तिने उदाहरण लिहिले: ४२ वजा १७. अठ्ठावीसपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या पाटीवर उत्तर आले पस्तीस. तिने पुन्हा समजावून सांगितले. पुन्हा पस्तीस. तिने आवाज चढविला. उत्तर बदलले नाही. एका मुलाने तर ४२ ऐवजी २४ लिहिले होते आणि तो शांतपणे खिडकीबाहेर पाहत होता.

शेवटच्या बाकावर बसून पाठाचे निरीक्षण करणाऱ्या मार्गदर्शक शिक्षिकांनी पाठ संपल्यावर तिला एकच काम सांगितले, "पस्तीस कसे आले ते मुलांना विचार. चूक आहे असे म्हणू नकोस, फक्त विचार." तिने विचारले. मुले म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच. चारातून एक, तीन." पाहा, मुलांनी आळस केलेला नव्हता. मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा, असा त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला होता आणि तो प्रामाणिकपणे पाळला होता. जगभरच्या प्राथमिक शाळांतून आढळणारी ही चूक आहे, हे तिला नंतर पुस्तकातून कळले. परंतु पुस्तकाआधी ते तिला मुलांच्या तोंडून कळले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

चोवीस लिहिणाऱ्या मुलाचेही कारण निघाले. आपण मराठीत 'बेचाळीस' म्हणतो तेव्हा कानावर आधी 'बे' पडतो, मग 'चाळीस'. मुलाने जे जसे ऐकले, ते तसे लिहिले. आपणास आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास दोन', 'साठ तीन' अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर मोठा गदारोळ झाला होता. आपल्याही गादीवर त्याची भरपूर थट्टा झाली. बावन्न आणि त्रेसष्ट हे शब्द आपल्या जिभेवरून जाऊ नयेत, असेच मला आजही वाटते. पण त्या मुलाची पाटी पाहिलेल्या माणसाला त्या पद्धतीमागील अडचण खोटी म्हणता येणार नाही.

त्याच वर्गात भाजी विकणाऱ्या कुटुंबातील एक मुलगी होती. पाटीवर तिचेही उत्तर पस्तीसच. माझ्या पुतणीने तिला सहज विचारले, "कोणी पन्नासची नोट दिली आणि सतरा रुपयांची भाजी घेतली, तर परत किती देशील?" मुलगी क्षणात म्हणाली, "तेहतीस." कसे? "सतराचे वीस करायला तीन, आणि वर तीस." हे ऐकून माझी पुतणी त्या संध्याकाळी दुकानावर आली ती थेट मलाच प्रश्न घेऊन, "काका, तुम्ही सुटे पैसे परत देताना वजाबाकी करता का?"

बंधूंनो, तिने विचारेपर्यंत मी त्याचा विचार केला नव्हता. आपल्यापैकी कोणीही गल्ल्यावर वजाबाकी करीत नाही. आपण बिलाच्या रकमेपासून वर मोजत जातो. सतरापासून वीस, तीन, विसापासून चाळीस, वीस, वर दोन, झाले पंचवीस. आपल्या वाडवडिलांपासून चालत आलेली ही रीत त्या आठ वर्षांच्या मुलीने बाजारात बसून उचलली होती, आणि शाळेत मात्र ती वजाबाकीत कच्ची ठरत होती.

दुसऱ्या दिवशी पुतणीने वर्गात दुकान मांडले. कागदाच्या नोटा, खडूचे तुकडे हा माल. मुले रंगून गेली, उत्तरे बरोबर येऊ लागली. मार्गदर्शक बाईंनी कौतुक केले, पण तेवढ्यावर सोडले नाही. त्या म्हणाल्या, "छान. आता हे पाटीवरच्या उभ्या मांडणीशी जोड. नाहीतर मुलांची दोन गणिते होतील, एक बाजारचे आणि एक शाळेचे, आणि परीक्षेला शाळेचेच विचारतील." मग खराट्याच्या काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे आले. चार गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या द्यावयाच्या आहेत, पण हाती दोनच. काय करावे? एक गठ्ठा सोडावा. सुट्या झाल्या बारा, गठ्ठे राहिले तीन. बारातून सात गेल्या, पाच राहिल्या; तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन राहिले. या एका वाक्यासाठी तिला चार दिवस लागले. टाचणात त्यासाठी पस्तीस मिनिटे धरलेली होती.

त्या बाईंची आणखी एक सवय सांगण्याजोगी आहे. त्या निरीक्षणाच्या वहीत वर्गाचा नकाशा काढून बसत. प्रशिक्षणार्थी ज्या मुलाला प्रश्न विचारील, त्याच्या जागेवर एक रेघ. पाठ संपल्यावर वही पुढे करीत, बोलत काहीच नसत. पुतणीच्या एका पाठात एकोणीस रेघा होत्या आणि त्यातील चौदा रेघा पुढे बसणाऱ्या पाच मुलांच्या नावावर होत्या. तेवीस मुलांच्या वाट्याला पाच प्रश्न. तिने मला ती वही दाखविली, तेव्हा मला आपल्या खातेवहीतील काही पाने आठवली. वर्षभर दुकान चालले असे वाटते, आणि हिशेब काढला की कळते, पाच गिऱ्हाइकांवरच चालले होते.

भाषेचाही एक किस्सा दैनंदिनीत आहे. शेंद्रा औद्योगिक वसाहतीमुळे आपल्या भागात उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची कुटुंबे राहतात. त्यांची मुले आपल्या मराठी शाळांत बसतात. गोंगाट वाढल्यावर माझी पुतणी करड्या आवाजात म्हणाली, "आता बोलाल तर शिक्षा होईल." सारा वर्ग गप्प झाला; एक मुलगा मात्र प्रसन्न हसला. त्याच्या घरी 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आणि शिक्षा मिळावी म्हणूनच बापाने त्याला शाळेत घातले होते. हा प्रसंग सांगताना ती स्वतःही पोट धरून हसली. त्यानंतर मात्र तिने त्या चार मुलांच्या शब्दांची एक वेगळी वही केली: घरी काय म्हणता, शाळेत काय म्हणतो.

आपल्या समाजाला ही गोष्ट परकी नाही. आपल्यातील कित्येकांच्या घरी आजही मारवाडी बोलली जाते. आणि आपले वडील, आजोबा निजामाच्या राजवटीत शिकले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू होते. घरी एक भाषा, वहीखात्यात दुसरी, शाळेत तिसरी. त्या वर्गांत बसून जे तरले, ते आपल्याला कौतुकाने आठवतात. जे न समजल्यामुळे घरी बसले, त्यांची नोंद कोणाजवळच नाही.

सगळेच दिवस असे शिकविणारे नसत. एके दिवशी एक शिक्षक प्रशिक्षणाला आणि दुसरे मतदार यादीच्या कामाला गेले, आणि पहिली ते चौथी असे चारही वर्ग या मुलीच्या हाती आले. त्या दिवशीच्या दैनंदिनीत एवढेच लिहिलेले आहे: "परिपाठ झाला. पोषण आहार वेळेवर झाला. कोणाला लागले नाही." बाकीचे पान कोरे आहे. मला ते पान सर्वांत खरे वाटते.

हे सर्व ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न येत असे, की ज्यांची नावे आपण शाळांना आणि सभागृहांना देतो, तेही कधीतरी शिकाऊ असतीलच ना? सावित्रीबाई फुले यांना आपण आद्य शिक्षिका म्हणून वंदन करतो. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये, असे त्यांचे चरित्रकार सांगतात, त्याकडे आपले लक्ष जात नाही. शेण-दगडांचा मारा सोसणाऱ्या सावित्रीबाई आपण पाहतो. पाठ कसा घ्यावा हे शिकत बसलेल्या सावित्रीबाई पाहत नाही.

अनुताई वाघ यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या, अनेक वर्षे शाळेत शिकविले, आणि १९४५ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, ताराबाई मोडक यांच्याजवळ बोर्डीला पुन्हा शिकण्यासाठी गेल्या. तेथे अडचण अशी, की वस्तीतील मुले बालवाडीत येतच नसत. तेव्हा या बायकांनी बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली, ती कुरणशाळा. १९७५ मध्ये केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. आज आपल्या गावोगावी तो पाटीवर लिहिलेला असतो. मूल आपल्यापर्यंत येत नसेल तर आपण कोठे उभे आहोत ते बदलावे, हे शिक्षण त्यांना मुलांच्या गैरहजेरीने दिले.

आणि या व्यासपीठावरून ज्यांचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही, ते कर्मवीर भाऊराव पाटील. १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरलेला हा माणूस. म्हणजे आपल्याच व्यवसायबंधूंपैकी, असे मी थोड्या अभिमानाने म्हणतो. साताऱ्यातील त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत, आणि ते चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. हे आपण ऐकलेले असते. पण १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात जी संस्था काढली, तिच्या नावाकडे पाहा: सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. नावातच रौप्यमहोत्सव आहे. आणि काम कोणते? खेड्यांत शिकविण्यासाठी शिक्षक तयार करणे. पुढे १९३८ पासून संस्थेने खेडोपाडी पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा उघडल्या. शाळा उघडण्याआधी शिक्षक घडविण्याची सोय त्यांनी करून ठेवली होती. आधी इमारत आणि मग माणसे शोधणे, हा आपला नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला होता.

आपलाही हा महोत्सव आहे. म्हणून आता मूळ मुद्द्यावर येतो.

गेल्या पंचवीस वर्षांत या क्षेत्राचे काय झाले, ते आपण पाहिले आहे. २००० नंतर राज्यात डी.एड. विद्यालये पावसाळ्यातील छत्र्यांसारखी उगवली. पालकांनी शेते गहाण ठेवून मुलांना प्रवेश मिळवून दिले. मग भरती थांबली, विद्यालये ओस पडली आणि एकामागून एक बंद झाली. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आले. निवड झाल्यावरही प्रारंभीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. ही योजना २००० मध्ये सुरू झाली तेव्हा प्राथमिकचे मानधन दरमहा तीन हजार होते. २०२३ पासून ते सोळा हजार झाले. आमच्या दुकानातील अनुभवी सेल्समनला यापेक्षा कमी पगार नाही. अशा स्थितीत कोणी हुशार मुलगा वा मुलगी या वाटेने गेलीच, तर तिला वेड्यात काढू नये, एवढे तरी आपण करावे.

आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीच्या याद्या मी मुद्दाम काढून पाहिल्या. अभियांत्रिकी, वैद्यकीय, सी.ए., अलीकडे परदेशी शिक्षण. डी.एल.एड.चा एकही अर्ज नाही. कारण अर्जाच्या नमुन्यात तो अभ्यासक्रमच छापलेला नाही. तो छापावा, ही माझी पहिली विनंती. दरवर्षी दोन प्रशिक्षणार्थी घ्यावेत आणि ते करमाड व आसपासच्या खेड्यांतील कोणत्याही समाजाचे असावेत. आंतरवासितेच्या वीस आठवड्यांत विद्यावेतन काही मिळत नाही, उलट एस.टी.चे भाडे, तक्ते, कार्डशीट, काड्या-मणी हे सर्व पदरचे असते. रक्कम फार मोठी नाही. आपल्या एका स्नेहभोजनाच्या खर्चात ती बसेल, असे मी हिशेब करून सांगतो.

काही विश्वस्तांनी मला खासगीत विचारले, की आपली मुले तर इंग्रजी माध्यमात जातात, मग जिल्हा परिषदेच्या शाळेशी आपला संबंध काय? संबंध आहे. इंग्रजी शाळांतील शिक्षकही याच तालुक्यातून, याच प्रशिक्षणातून येतात, आणि कित्येकदा याहून कमी पगारावर. दुसरे असे, की आपल्या दुकानांतून, जिनिंगमधून, गोदामांतून उद्या जी मुले कामाला उभी राहतील, ती आज त्याच अठ्ठावीस मुलांत बसलेली आहेत. आणि तिसरे म्हणजे ज्ञानदानाला आपण चार दानांत स्थान दिलेले आहे. त्यात माध्यम कोणते असावे हे लिहिलेले नाही.

दुसरी विनंती निवृत्त ज्येष्ठांना. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एक तास दुसरीच्या वर्गात मुलांशी दुकान-दुकान खेळावे. सुटे पैसे कसे परत द्यावयाचे, हे आपल्याइतके चांगले कोण दाखविणार? मात्र शिकविण्याचे काम शिक्षिकेवरच सोपवावे. आपण केवळ गिऱ्हाईक व्हावे.

माझी पुतणी सध्या अभियोग्यता चाचणीची तयारी करीत आहे. निवड होईल किंवा नाही, हे आज सांगता येत नाही. मागील आठवड्यात ती भाजी विकणारी मुलगी आईबरोबर आमच्या दुकानात गणवेशाचे कापड घ्यावयास आली होती. मी पाचशेची नोट घेऊन उरलेले पैसे आईच्या हातावर ठेवले. मुलीने ते तिच्या हातून काढून घेतले, मोजले आणि मग मान हलविली.

या दोन्ही विनंत्या लेखी स्वरूपात मी अध्यक्ष महोदयांकडे सुपूर्द केल्या आहेत. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत त्यांवर विचार व्हावा, ही नम्र प्रार्थना.